पैसे डबकं राखण्याचे

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला शेतातलं डबकं म्हणजे डोक्याला ताप. दर फेरीला वळसा घाला, चाक रुतलं की काढत बसा, आणि पावसाळी वर्षी तेवढ्या जागेतलं पीक गेलंच म्हणून समजा. अमेरिकेतल्या दोन्ही डकोटा, मिनेसोटा, आयोवा या राज्यांच्या माळरानावर अशी डबकी लाखोंनी होती. हिमयुग सरताना हिमनद्या मागे हटल्या, गाळात गाडलेले बर्फाचे प्रचंड तुकडे वितळले आणि खळगे उरले. सरकारलाही ही ओल नकोच होती. १८५० च्या कायद्याने आयोवासारख्या राज्यांना दलदलीच्या जमिनी देऊन टाकल्या, त्या निचरा करून कसता याव्यात म्हणून. शेतकऱ्यांनी जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या. आता प्लास्टिकच्या, भोकं पाडलेल्या. आयोवातली दहापैकी जवळजवळ नऊ पाणथळं अशी संपली.

१९८५ मध्ये सरकारने सूर बदलला: पिकासाठी पाणथळ बुजवाल तर शेतीचं अनुदान बंद. १९९० च्या कायद्याने पुढचं पाऊल टाकलं आणि डबकं परत पाण्याने भरू देणाऱ्याला थेट मोबदला देऊ केला. जमीन त्याचीच राहते, आपल्या भाषेत सातबारा त्याच्याच नावावर. फक्त तिथे नांगर घालण्याचा हक्क तो सोडतो. करार कायमचा किंवा तीस वर्षांचा. कायमच्या करारात निचऱ्याच्या नळ्या तोडून पाणी पुन्हा साठवण्याचा बहुतेक खर्चही सरकारच उचलतं.

एवढा पैसा चिखलावर कशाला? उत्तर त्या चिखलातच आहे. मक्याला घातलेल्या नत्रखताचा काही भाग नायट्रेट होऊन पाण्याबरोबर वाहतो. नळीतून तो थेट ओढ्यात, मिसिसिपीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात जातो. तिथे शेवाळ माजतं, मरून कुजतं, आणि तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. २०१७ मध्ये हा गुदमरलेला पट्टा बावीस हजार चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. तेच पाणी वाटेत डबक्यात थांबलं, तर गाळात प्राणवायूविना जगणारे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन श्वसनासाठी वापरतात आणि नायट्रोजन वायूरूपाने हवेत सोडून देतात. वीज नाही, यंत्र नाही. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात हेच काम करायला केवढा खर्च येतो, ते आयोवातल्या डे मॉइन शहराच्या पाणीपट्टी भरणाऱ्यांना विचारावं.

बदकांचं गणित वेगळं. आपल्याकडे हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला येणारा थापट्या याच डकोटातही घरटी करतो (आपले पाहुणे मात्र सायबेरियाकडचे). अंडी घालायला मादीला भरपूर प्रथिनं लागतात. वसंतात उथळ डबकं मोठ्या तळ्याच्या आधी वितळतं, तापतं, आणि त्यात अळ्या, गोगलगायी वळवळू लागतात. म्हणजे शेतकऱ्याला सर्वांत निरुपयोगी वाटणारं, जूनपर्यंत आटून जाणारं डबकंच मादीला सर्वांत मोलाचं. नांगर सर्वांत आधी फिरतो तोही त्याच्यावरच.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, नदी-तळ्यांसारख्या कायम पाण्याशी पृष्ठभागावर सलग न जोडलेल्या पाणथळांना स्वच्छ पाणी कायद्यातून वगळलं. ही डबकी बहुतेक सुटीसुटीच. त्यामुळे केंद्राच्या पातळीवर आता त्यांची मुख्य भिस्त अनुदानावर. आणि मक्याचा भाव चढला की दुसऱ्या योजनांतले मुदतीचे करार संपताच जमीन नांगराखाली जाते, हे डकोटात घडलेलं आहे. माझ्या मते पैसा घालायचा तो कायमच्या करारांत. तिथे शेत विकलं, तरी नव्या मालकाला डबकं करारासकट घ्यावं लागतं.