लाल भोपळा: देठ राखा, पावसाळ्यात खा

उधना आणि सचिन या दोन स्टेशनांच्या मध्ये भेस्तान लागते. खानदेशातून येऊन सुरतेच्या या बाजूला स्थायिक झालेली मराठी कुटुंबे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात, गुजराती शेजारी कोळू म्हणतात. आता येथे शेते थोडी व कारखाने पुष्कळ. तरी परसातल्या एका वेलाला कुंपण पुरते.

जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या वेलाची फळे मे महिन्यात पिकतात. पावसाळ्यात भाजी महागते, तेव्हा हेच फळ उपयोगी पडते. मात्र ते टिकले पाहिजे, आणि टिकणे बहुतेक काढणीवरच ठरते.

नख दाबून पाहावे. सालीत नख रुतले तर फळ कोवळे. ते भाजीला चालेल, साठवणीला नाही. देठ वाळून लाकडासारखा झाला, जमिनीला टेकलेली बाजू पिवळी पडली, म्हणजे फळ तयार. पहिल्या जोरदार सरीपूर्वीच काढावे. फळ ओढून तोडू नये. धारदार सुरीने दोन-तीन इंच देठ ठेवून कापावे. देठ धरून फळ उचलण्याची सवय तर सोडूनच द्यावी. देठ निखळला की तेथूनच कूज आत शिरते.

काढलेली फळे आठ-दहा दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवावीत, म्हणजे साल टणक होते. नंतर फळी किंवा खाटेवर, एकमेकांना न लागता मांडावीत. सुरतेची दमट हवा हा मोठा शत्रू. म्हणून दर आठवड्याला फळे पाहावीत. मऊ पडलेले बाजूला काढून चांगला भाग त्याच दिवशी शिजवावा. खरचटलेली फळे आधी खावीत.

भोपळ्याच्या पिवळ्या गरातून शरीराला ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. त्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो. याकरिता सरकारने 1970 साली बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला. नुसता उकडलेला भोपळा देण्यापेक्षा तेलाची फोडणी द्यावी. तेलातुपाबरोबर ते सत्त्व अंगी लागते. किसून, गुळात शिजवून, कणीक घालून केलेले घारगे मुले आवडीने खातात. मधुमेह असणाऱ्यांनी भाजीच बरी. बिया धुऊन, वाळवून, भाजून खाव्यात.

एक गोष्ट गृहिणींनी विसरू नये. चिरल्यावर लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा व सारे फळ फेकावे. तो कडवटपणा विषारी असतो, शिजवून जात नाही. ओकाऱ्या व जुलाब होतात. तसे झाल्यास घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांकडे जावे. अशा फळाचे बीही पुढच्या वर्षासाठी ठेवू नये.