गाडी त्यांची, वीजबिल माझे!

आमच्याकडे विजेवरची मोटार आली, तेव्हा पेढे मीच वाटले. पहिले बिल आले आणि तोंड कडू झाले. सासूबाई म्हणाल्या, "गीझर फार चालतो गं तुझा!" मी मुकाट्याने महिनाभर गॅसवर पाणी तापवले. बिल काही उतरेना.

खरी गोम वेगळीच होती. पेट्रोलचे पैसे ह्यांच्या खिशातून जात. वीजबिल मात्र माझ्या घरखर्चातून. खर्च गाडीचा आणि बोलणी मला! मग एका रविवारी वही घेऊन आम्ही दोघे हिशेबाला बसलो. मैत्रिणींनो, तुम्हीही बसा.

आधी गाडीची युनिटे काढा. आमची गाडी एका युनिटात साधारण ६ किलोमीटर जाते. महिन्याचे फिरणे ९०० किलोमीटर. म्हणजे १५० युनिटे.

आता बिल बघा. महावितरणच्या घरगुती दराला १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे आहेत. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर लावली तर दर घरगुतीच लागतो. टप्पा ओलांडला की सगळीच युनिटे महागतात, असे पुष्कळजणींना वाटते. तसे नाही, चढा दर फक्त टप्प्यावरच्या युनिटांना. आमचे घर १७० युनिटांचे, गाडी धरून ३२०. म्हणजे तिसऱ्या टप्प्यात गेली ती २० युनिटेच. पण ज्या घरात मुळातच ३२० युनिटे जळतात, तिथे गाडीची सगळी १५० चढ्या दराने!

अशा घराने गाडीसाठी वेगळ्या मीटरचा विचार करावा. २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार तशी स्वतंत्र जोडणी मागता येते. गाडी चार्ज करण्याच्या दराला घरगुतीसारखे चढते टप्पे नाहीत. मात्र मीटर दुसरा, तर स्थिर आकारही दुसरा. तो मिळवूनच तुलना करा.

तिसरी गोष्ट वेळेची. २०२३ च्या केंद्रीय नियमांत स्मार्ट मीटरवाल्यांना दिवसा, सौर तासांत, वीज किमान २० टक्के स्वस्त देण्याची तरतूद आहे. ते तास राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. रात्रीची वीज स्वस्तच, असे धरून चालू नका, दरपत्रक वाचा. गाडी दिवसभर कचेरीत उभी राहत असेल, तर ही सवलत घ्यायला सुटीचाच दिवस उरतो!

आणि हो, साध्या एक्स्टेन्शनवर गाडी कधीच लावू नका. तिला स्वतंत्र पॉइंट आणि चांगले अर्थिंग हवे. बिलावरचा मंजूर भार पुरतो का, तेही वायरमनला दाखवून घ्या.

आमच्याकडे निवाडा असा झाला: गाडीच्या १५० युनिटांचे पैसे हे पगार झाला की माझ्या हातावर ठेवतात. पेट्रोलपेक्षा ते पुष्कळच कमी, त्यामुळे कुरकुर नाही. आणि माझा गीझर? तो पुन्हा सुरू झालाय!