बागेचे जिवंत कुंपण

पुणे शहरात पूर्वी बंगल्यांभोवती कोयनेलीचे कुंपण पुष्कळ आढळे, त्यास कारण होते. तिची पाने कडू असल्याने शेळी सहसा तोंड लावीत नाही. एकदा रुजली की सुमारे ७०० मिलिमीटर पावसावरही ती तग धरते. मृगाच्या सरींनंतर पेन्सिलीएवढ्या जाडीची छाटकलमे दोन ओळींत, ३० सेंटिमीटरवर, एकाआड एक लावावीत. रोपे गुडघाभर होताच निम्मी छाटावीत. येथेच बहुतेकांचा हात अडखळतो. मग कुंपण उंच वाढते, पण बुडाशी विरळ राहते आणि कोंबड्या तेथूनच भाजीत शिरतात. पुढेही बूड रुंद व माथा अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांस ऊन मिळते. घाणेरी मात्र फुलांच्या मोहाने लावू नये. पाखरे तिचे बी रानभर पसरवितात. काटेरी अडसर हवा असल्यास करवंद लावावे. वाढ सावकाश, परंतु फळ लोणच्यास येते.