वरसईच्या भटजींचे कर्ज

आमच्या घरात विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’च्या दोन प्रती आहेत. एक वडिलांची, पहिले संपादक चिंतामण विनायक वैद्य यांच्या पाठाची. पुठ्ठे निघालेली, मधली पाने वाळवीने चाळणी केलेली. दुसरी पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी उचललेली, दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढलेली मूळ संहिता. गेली कित्येक वर्षे पावसाळा लागला की मी ही दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचतो. घरच्यांनी याला ‘गोडसे सप्ताह’ असे नाव ठेवले आहे.

विष्णुभट गोडसे वरसईकर, 1857चे बंड आणि झाशीची राणी हे सूत्र शाळेपासून सगळ्यांच्या कानावर आहे, ते पुन्हा सांगत बसत नाही. मला ओढ लागली ती या माणसाच्या कर्जाची. पेणजवळच्या वरसईतला हा तिशीचा भिक्षुक. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, डोक्यावर देणे. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, लाखो रुपये खर्चणार, अशी बातमी आली आणि हा गृहस्थ काका रामभटांना घेऊन दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाला. घरून निघताना त्याच्या डोक्यात स्वराज्य नव्हते, क्रांती नव्हती, राणीही नव्हती. यज्ञ राहिला बाजूला. महूजवळ शिपायांच्या तोंडून बंडाची कुणकुण लागली आणि पुढची दोन-अडीच वर्षे भटजी आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून पुन्हा आगीत फिरत राहिले.

या पुस्तकाचा खरा जीव हिशेबात आहे, असे मला वाटते. कुठे कोणी काय दिले, कुठे जेवण बरे मिळाले, कनवटीला किती उरले, वाटेत किती गेले, हे भटजी पंचवीस वर्षांनीही विसरले नव्हते. मिळवायचे आणि लुटले जायचे, असे त्यांच्या नशिबी पुन्हा पुन्हा आले. ज्याला आपल्या रुपयांची इतकी काळजी, त्याच्या डोळ्यांतून इतरांचे रुपयेही सुटत नाहीत. म्हणून 1858च्या एप्रिलात झाशी पडल्यावरची लूट वाचताना अंगावर काटा येतो. लुटारूंच्या टोळ्या कशा पाळीपाळीने आल्या आणि सोन्यानाण्यानंतर भांड्याकुंड्यांवर, कपड्यांवर कशा उतरल्या, हे तो लग्नघरातल्या याद्या कराव्यात तसे सांगतो. राणीच्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली, तिथे मात्र त्याचा आवाज बदलतो. पोथ्यांवर पोट असलेला माणूस होता तो.

इतिहासकार म्हणून त्याला उभे केले तर तो पहिल्याच उलटतपासणीत पडेल. इंग्रजांनी राजेरजवाड्यांना बोलावून धर्म बुडवणारी चौऱ्यांशी कलमे पुढे ठेवली, हे तो अगदी भरवशाने सांगतो. अशी कलमे कधी निघाली नाहीत. पण विधवाविवाहाचा कायदा 1856 साली खराच झाला होता, आणि त्या एका कायद्याची धर्मशाळांत, घाटांवर चौऱ्यांशी कलमे कशी झाली, हे कळायला कलकत्त्याच्या दप्तरांचा काही उपयोग नाही. त्यासाठी धर्मशाळेत पथारी टाकून ऐकणारा कान हवा. राणीचे पती गंगाधरराव यांच्या स्त्रीवेषाबद्दलची झाशीतली कुजबूजही त्याने अशीच टिपली आहे, जिभेवर ताबा न ठेवता.

आता वैद्यांकडे वळतो. चिंतामण विनायक वैद्य, पुढचे भारताचार्य. त्यांच्या घराशी भटजींचा जुना संबंध. 1883च्या सुमारास या विशीतल्या तरुणाने भटजींना पाहिलेले लिहून काढायला लावले. त्याबद्दल वैद्यांच्या पायावर डोके ठेवावे. पण बाड हाती आल्यावर ते छापले कधी? 1907 साली, लेखक गेल्यानंतर. मधल्या काळात, 1894 साली, पारसनीसांचे राणीचे चरित्र छापून बाजारातही आले, आणि ज्याने राणीला डोळ्यांनी पाहिले त्याचे बाड पडूनच होते. छापताना वैद्यांनी गाळले, भाषा घासूनपुसून घेतली. पोतदारांच्या प्रतीत भटजी ओटीवर बसून सांगताहेत असे वाटते. वाक्य सुरू होते एका गावात आणि संपते दुसऱ्याच गावच्या जेवणात. वैद्यांच्या प्रतीत त्याच भटजींना कोणीतरी नवे उपरणे दिल्यासारखे वाटते.

तरुणपणी मला वैद्यांचा फार राग यायचा. आता तितका येत नाही. 1907 हे साल काय होते ते आठवावे: त्याच वर्षी लाला लजपतराय मंडालेला पाठवले गेले, पुढच्या वर्षी टिळक. ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश राहिलेल्या माणसाने बंडाचे पुस्तक काढायचे म्हणजे कात्री हाती घेणे आलेच. भाषा घासली ती मात्र भीतीने नव्हे. ती पदवीधराची खोड, आणि ती मी माफ करत नाही. तरी वैद्यांच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: मूळ बाड त्यांनी जाळले नाही. ते भारत इतिहास संशोधक मंडळात गेले, म्हणून तर पोतदारांना सापडले. आपल्या कात्रीचा पुरावा स्वतःच्या हाताने जपणारे संपादक मराठीत किती झाले?

विहिरीवरचा प्रसंग मी दोन्ही प्रतींत दरवर्षी वाचतो. काल्पीच्या वाटेवर, पराभवानंतर, धुळीने माखलेली, पुरुषी वेषातली बाई तहानेने व्याकूळ होऊन येते. भटजी ओळखतात. मडक्याने पाणी काढून द्यायला पुढे होतात, तर ती अडवते. विद्वान ब्राह्मणाकडून पाणी ओढून घ्यायला तिचे मन घेत नाही. स्वतः मडके ओढते आणि ओंजळीने पिते. आपल्याला पोटापुरते धान्य पुष्कळ होते, हे सगळे कशासाठी ओढवून घेतले, असे काहीसे बोलते आणि निघून जाते. जूनच्या मध्याला ग्वाल्हेरजवळ ती पडली. पुतळ्यांवरच्या राणीच्या हातात तलवार असते. मला मात्र ते मडके दिसते, कारण पाहणाऱ्याने सगळ्यात आधी तेच पाहिले.

भटजी काशी करून परतले ते गंगेची कावड घेऊन. बहुतेक कमाई वाटेत गेली होती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.

मागच्या वर्षी मी वरसईला गेलो. बाळगंगेवरच्या धरणाच्या बुडीत क्षेत्रात जी गावे येतात, त्यांत वरसईचे नाव आहे. नाक्यावरच्या चहावाल्याला गोडसे भटजींचे घर विचारले. त्याने माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणाऱ्या कागदांकडे पाहिले, चहाचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाला, “मोजणीला आलात का साहेब? पैशांचं कधी होणार तेवढं सांगा.”