पायातली पिन, डोळ्यातले ठिपके

वसुबारसेच्या संध्याकाळी आत्याच्या ओटीवर आकाशकंदिलाचं काम चाललं होतं. कामट्या, जिलेटीन, खळीची वाटी आणि नातवाच्या हातात स्टेपलर. दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना मला स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत तपकिरी ठिपके दिसले, पावलापावलाच्या अंतरावर, एका रांगेत. कुंकू सांडलं असेल म्हणून पुसायला वाकले, तर ते वाळलेलं रक्त होतं. घरातल्या सगळ्यांचे पाय बघितले. आत्या म्हणाली, "माझं काही नाही गं, मला कुठे टोचलंय?" तिचा डावा पाय मांडीवर घेऊन तळवा उजेडाकडे केला. चवड्याखाली स्टेपलरची पिन दोन्ही टोकांनी आत रुतून बसली होती. त्या पिनेवर उभं राहून तिने रात्री चकलीची भाजणी मळली होती आणि दोनदा जिना चढला-उतरला होता.

चिमट्याने पिन काढताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे काहीच हललं नाही.

आत्याला चौदा वर्षं मधुमेह आहे. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. आपण सगळं नीट करतोय अशी तिची खात्री होती आणि आमचीही. दिवाळीच्या दिवसांत मधुमेहावर जे काही बोललं जातं ते सगळं ताटाभोवतीच फिरतं: लाडू अर्धा खावा की नाही, करंजी चालेल का. ते बोलायलाच हवं. पण पायाकडे आणि डोळ्याच्या पडद्याकडे कोण बघतं? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यात सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे हा आपल्या प्रत्येकाच्या घरातला विषय आहे.

पाय बधिर होतो तो एका दिवसात होत नाही. रक्तात वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि सर्वांत लांब नसा आधी. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि मोजा चढवावा तशी बधिरता हळूहळू वर सरकते. कुणाला मुंग्या येतात, कुणाची रात्री तळव्यांची आग होते, कुणाला गादीवर चालल्यासारखं वाटतं. "चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही," असं रुग्ण सांगतात. आणि पुष्कळांना यातलं काहीच होत नाही. त्यांचा पाय नुसता गप्प होतो.

दुखणं थांबल्यावर शरीराचं काय होतं, हे ज्यांनी ओळखलं त्या डॉक्टरांची गोष्ट आपल्याच देशातली आहे. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि पुढे कुष्ठरुग्णांचे हात-पाय बघू लागले. कुष्ठरोगात मांसच सडतं आणि बोटं झडतात, असा तेव्हा सर्वांचा समज होता. एकदा एका कोठाराचं गंजलेलं कुलूप त्यांच्याने उघडेना. शेजारी उभ्या असलेल्या एका किरकोळ बांध्याच्या कुष्ठरुग्ण मुलाने किल्ली एका झटक्यात फिरवली. याच्यात एवढं बळ कुठून आलं म्हणून ब्रँडनी त्याचा हात पाहिला, तर बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि मुलाला त्याचा पत्ताच नव्हता. मांस इतरांसारखंच निरोगी होतं, वेदना तेवढी नव्हती. वेदना नसल्यामुळे माणूस जखमेवर चालत राहतो आणि पाय जातो तो त्या चालण्याने. १९६६ साली ब्रँड अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहींच्या पायांचंही हेच होतं, हे त्यांनी तिथे दाखवून दिलं. मधुमेही पायाची जखम साखरेमुळे भरतच नाही असं मानलं जायचं. जखमेवरचा भार काढला तर ती भरते, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. कुष्ठरुग्णांसाठी ज्या मऊ रबराच्या एमसीआर चपला होतात, त्याच आज मधुमेहींनाही सांगितल्या जातात.

पायाची संवेदना तपासायचं साधं साधनही याच कामातून रूढ झालं. तो नायलॉनचा एक जाड धागा असतो आणि १० ग्रॅम दाब पडला की वाकतो. डोळे मिटलेल्या माणसाच्या तळव्याला तो ठिकठिकाणी टेकवतात. टेकल्याचं कळलं नाही तर पायाचं संरक्षण गेलं असं समजायचं. आत्याच्या गेल्या चौदा वर्षांच्या तपासण्यांत कुणी तिला चप्पल काढायला सांगितलं नव्हतं. तिनेही कधी "पाय बघा" म्हटलं नव्हतं. आता मात्र दवाखान्याच्या दारातच ती चप्पल-मोजे काढून आत जाते.

घरी धागा नसला तरी बोट आहे. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी २०११ साली मांडलेली ही पद्धत कुणालाही जमते. मधुमेही माणसाने डोळे मिटून पाय लांब करून पडायचं. घरातल्या कुणीतरी दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या यांच्या टोकांना आपल्या तर्जनीचं टोक सेकंदभर हलकंच लावायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर डॉक्टरांकडे जायचं. आत्याला चार कळले नाहीत.

बधिर पायाला आपल्या घरात धोके पुष्कळ, आणि सणावाराला जास्तच. नरकचतुर्दशीच्या पहाटेचं बंबातलं कढत पाणी हे मला सर्वांत भीतीचं वाटतं, कारण पायाला ते कोमट लागतं आणि दुपारी तळव्यावर फोड दिसतो. पाण्याचा अंदाज कोपराने घ्यावा, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून बघून घ्यावा. रबरी पिशवीने पाय शेकणं कायमचं बंद. अभ्यंगाचं तेल टाचांच्या भेगांना चांगलंच, पण बोटांच्या बेचक्यांत नको. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात, म्हणून अंघोळीनंतर बेचकं न् बेचकं पंचाने टिपायचं. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून भाजलेले तळवे डॉक्टर दरवर्षी बघतात. मोजे घालून प्रदक्षिणा घातली म्हणून देव रागावत नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

बायकांच्या पायात जोडवी असतात. पाय सुजला की ती आवळतात, आणि त्यांच्याखाली झालेली जखम दिसतच नाही. आत्याची जोडवी काढताना ती गप्प झाली होती. जोडवी आता देव्हाऱ्यात ठेवली आहेत. अंगठ्याच्या चपलेचा पट्टाही बोटाच्या बेचक्यात असाच घासतो. त्यापेक्षा मागून पट्टा असलेली, पुढे रुंद, मऊ तळाची चप्पल बरी. ती संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. पायात घालण्याआधी बुटात हात घालून बघायचं, आत खडा नाही ना, खिळा वर आलेला नाही ना.

घट्ट्याला आणि कुरुपाला लोक फार हलकं समजतात. घट्टा म्हणजे पायाखाली कायम असलेला खडाच. त्याच्याखाली जखम होते आणि वरून फक्त कातडी जाड दिसते. तो ब्लेडने कापू नये, मेडिकलच्या दुकानातली कुरुपाची पट्टी लावू नये, कारण तिच्यातल्या औषधाने चांगली कातडीही जळते. आणखी एक गोष्ट फार चुकते. एकच पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्यापेक्षा गरम लागला आणि फारसा दुखत नसला, तर घरात "मुरगळला असेल" म्हणतात. मधुमेहीच्या बधिर पायात हाडं ढासळायला लागल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी त्या पायावर चालणं थांबवून डॉक्टर गाठायला हवा. मधुमेहात पाय कापावा लागतो त्या दहांतल्या आठांहून अधिक वेळा सुरुवात एका लहानशा जखमेने झालेली असते. ती जखम रोज कुणीतरी बघत असतं तर पाय वाचला असता, हा विचार मला सोडत नाही.

पिनेच्या निमित्ताने डॉक्टरांनी विचारलं, "डोळे तपासलेत का?" आत्या म्हणाली, "हो, गेल्याच वर्षी. नंबर तोच आहे." इथेच आपली सगळ्यांची गफलत होते. चष्म्याचा नंबर काढणं वेगळं आणि पडदा बघणं वेगळं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून पडद्याची तपासणी झाली असंही नाही. पडदा बघायचा तर डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात, नाहीतर खास कॅमेऱ्याने फोटो काढतात. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं. म्हणून गाडी चालवायला सोबत कुणीतरी न्यावं, उन्हाचा चष्मा न्यावा.

आत्याच्या पडद्याचा फोटो डॉक्टरांनी आम्हाला संगणकावर मोठा करून दाखवला. पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचं एक वर्तुळ, त्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या आणि मध्येमध्ये टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती साखरेने कमकुवत होऊन फुगलेल्या जागा होत्या त्या. काही ठिकाणी पिवळसर कण होते, पाझरून साठलेल्या चरबीचे. आत्या सकाळी पेपरातला बारीक टाइपही वाचते. "मला तर सगळं स्वच्छ दिसतंय," ती म्हणाली. खरंच दिसत होतं. दिसेनासं होतं ते फार उशिरा, नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटून आत रक्त सांडतं तेव्हा, किंवा पडद्याच्या मधोमध सूज येते तेव्हा. देशभरातल्या एका अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींमध्ये साधारण दर आठांत एकाच्या पडद्यावर असे बदल आढळले. वेळेत कळलं तर उपाय आहेत. जर्मनीच्या मायर-श्विकराथ यांनी १९४५ चं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघितलेल्यांच्या पडद्यावर पडलेले डाग तपासले आणि त्यांना सुचलं की प्रकाशाने जाणूनबुजून डाग देऊन पडदा वाचवता येईल. त्यातूनच पुढे आजचा लेसर उपचार आला. १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केलं की दृष्टी गंभीरपणे जाण्याचं प्रमाण लेसरमुळे निम्म्याहून कमी होतं. सूज उतरवण्यासाठी आता डोळ्यात इंजेक्शनंही देतात. मात्र गेलेली दृष्टी यातलं काहीही पूर्ण परत आणत नाही. आहे ती राखतं.

म्हणून टाइप २ मधुमेह कळला त्याच वर्षी पडदा बघायचा, कारण रोग आधीपासून मुरत असतो. टाइप १ असेल तर साधारण पाच वर्षांनी. नंतर दरवर्षी. मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण त्या काळात बदल झपाट्याने वाढू शकतात. ब्लडप्रेशर वाढलेलं असेल तर पडद्यावर त्याचाही भार पडतो.

इंग्लंडमध्ये २००३ पासून बारा वर्षांवरच्या मधुमेहींना पडद्याच्या फोटोसाठी घरी पत्र येऊ लागलं. २०१४ साली तिथे जाहीर झालं की कामाच्या वयातल्या माणसांच्या अंधत्वाचं पहिलं कारण आता मधुमेह राहिलेला नाही, निदान पाच दशकांत पहिल्यांदाच. आपल्याकडे असं पत्र येत नाही. पण वाटा आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्यसेविकांनी स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने मधुमेहींच्या पडद्याचे फोटो काढले आणि फोनमधल्याच संगणकीय प्रणालीने, इंटरनेटशिवाय, कुणाला डॉक्टरांकडे पाठवायचं ते सांगितलं. हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हायला हवं, आणि आपण मागितल्याशिवाय ते होणार नाही.

तोवर आमच्या घरी पत्राचं काम नातू करतो. रविवारी सकाळी आत्या दिवाणावर डोळे मिटून पाय पसरते. तो आधी तळवे बघतो, टाचेखाली स्टीलची ताटली धरून तिला दाखवतो, मग बोटाने एकेक बोट शिवतो. "उजवा अंगठा," ती म्हणते. "करंगळी, उजवीच." मग बराच वेळ काही नाही. त्याचं बोट तिच्या डाव्या मधल्या बोटावर टेकलेलं असतं आणि ती विचारते, "सुरू केलंस का रे डाव्याचं?" तो "हो" म्हणतो, उठतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकटीत लिहितो: चार. पुढच्या पानावर धनत्रयोदशीच्या खाली त्याच्या अक्षरात आधीच लिहिलेलं आहे: आजी, डोळ्यात थेंब, सोबत मी.