पोपटाचा ताप

पोपट बोलतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण पोपटांच्या तापाने अख्खी सरकारी प्रयोगशाळा रिकामी करायला लावली, ही गोष्ट ऐकलीत का? मग सरसावून बसा, पोरांनो.

1929चा नाताळ. अमेरिकेतल्या ॲनापोलिस गावात एका गृहस्थाने बायकोला भेट म्हणून पोपट आणला. सणाच्या आदल्या दिवशीच तो मलूल झाला आणि नाताळच्या दिवशी मेला. मागोमाग घरातली तीन माणसं तापाने अंथरुणाला खिळली.

वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत डॉ. चार्ल्स आर्मस्ट्राँग यांनी या तापाच्या कारणाचा शोध सुरू केला. आजारी पोपट तळघरात ठेवले, वाटेत जंतुनाशकात भिजवलेले पडदे टांगले. तरीही त्यांचे मदतनीस अँडरसन आजारी पडून फेब्रुवारीत दगावले. खुद्द आर्मस्ट्राँगही आजारी पडले, पण बचावले. पुढे तळघराची पायरीही न उतरलेले लोक तापाने फणफणले, तेव्हा संचालक मॅकॉय यांनी इमारत रिकामी केली आणि स्वतःच्या हाताने सगळे पोपट संपवले. नवल म्हणजे, मॅकॉयना साधी शिंकही आली नाही!

वरच्या मजल्यांवर कुणाला पोपट चावला नव्हता, मग आजार वर चढला कसा? हवेतून. पोपटाची विष्ठा वाळते, तिची पूड होते, पंख फडफडले की ती उडते आणि आपल्या श्वासावाटे फुफ्फुसात जाते. त्या पुडीत असतो क्लॅमिडिया सिटासी नावाचा जंतू. मोठा बेरकी! बाहेर असताना तो बियाण्यासारखा निपचित पडून असतो. पेशीत शिरला की फुगतो, तिच्याच जिवावर एकाचे दोन, दोनाचे चार होतो, पुन्हा टणक होतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. इतका बारीक, की तेव्हाच्या जंतू अडवणाऱ्या गाळण्यांतूनही निसटायचा. म्हणून शास्त्रज्ञ कित्येक वर्षं त्याला विषाणूच समजत होते.

आता डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळालं की रुग्ण सहसा बरा होतो. पण वरवर ठणठणीत दिसणारा पक्षीही हा जंतू बाळगून असू शकतो. कबुतरंसुद्धा, बरं का! तेव्हा पिंजरा कोरडा झाडू नका, आधी पाणी शिंपडा, नाक-तोंड झाका, मग पुसा. आणि ताप-खोकला आलाच, तर घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना आधी सांगा.