कुत्र्याचे पोट : आधी ताट, मग कुंडी

रात्री साडेदहाला कुत्रा दुसऱ्यांदा उलटी करतो. दुपारपासून पातळ जुलाबही सुरू असतात. नेहमीचा दवाखाना बंद झालेला असतो आणि घरातले सगळे आपापल्या परीने वैद्य होतात. आजी म्हणते, आल्याचा रस द्या. कोणी लसणाची पाकळी ठेचून आणते, कारण ‘जंत झाले असतील’. कोणाला बाल्कनीतली कोरफड आठवते, तर कोणाला पानओवा. आपल्या पोटाला जे चालते ते त्याच्याही पोटाला चालेल, असा हा प्रेमापोटी मांडलेला साधा हिशेब असतो. पण यातल्या आल्याने फारसा बिघाड होत नसला, तरी बाकीच्या तिन्ही गोष्टी कुत्र्याचा त्रास वाढवू शकतात.

याचा अर्थ घरगुती उपाय टाकाऊ असतात असे नाही. स्वयंपाकघरातल्या दोन-तीन गोष्टी कुत्र्याच्या पचनाला खरोखर मदत करतात आणि पशुवैद्यही त्या सुचवतात. फक्त क्रम लक्षात ठेवायला हवा. कुत्र्याचे पोट सुधारते ते मुख्यतः रोजच्या ताटातून. कुंडीतल्या पानांचा वाटा लहान असतो आणि त्यातली काही पाने तर दूरच ठेवावी लागतात.

लांडग्याचे पोट, माणसाची भाकरी

कुत्रा घास चावत बसत नाही, गिळतो. आपल्या लाळेत पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर असते, कुत्र्याच्या लाळेत ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे भात-पोळीचे पचन तोंडात सुरू होत नाही. ते लहान आतड्यात, स्वादुपिंडातून येणाऱ्या अमायलेजमुळे होते. ‘कुत्रा मांसाहारी, त्याला धान्य पचतच नाही’ हा समज मात्र खरा नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वादुपिंडातील अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत ४ ते ३० प्रती सापडल्या. माणसाच्या वस्तीजवळ राहून, त्याचे उरलेसुरले खात कुत्रा हळूहळू धान्य पचवायला शिकला, याची खूण त्याच्या जनुकांत उमटली आहे.

म्हणून मऊ शिजवलेला भात, पोळी, ज्वारीची भाकरी हे कुत्र्याला पचते. अडचण येते ती फक्त त्यावरच भागवले की. आपल्याकडे वर्षानुवर्षे कुत्रा वाढला तो दूध-पोळीवर. पिल्लाच्या आतड्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची सोय असते. वय वाढते तशी ती कमी होते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू धरतो आणि शौच पातळ होते. अनेक घरांत कुत्र्याचे पोट ‘नाजूक’ म्हणून ओळखले जाते, प्रत्यक्षात त्याला रोजचे दूध सोसत नसते. आठवडाभर दूध बंद करून पाहणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे. दह्यात लॅक्टोज कमी असते. चमचा-दोन चमचे साधे, बिनमिठाचे दही बहुतेक कुत्र्यांना चालते.

दुसऱ्या टोकाला आहे तो रोजचा चिकन-भात. पचायला हलका, पण त्यावर वर्षे काढता येत नाहीत. हाडे काढलेल्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. वाढत्या वयात, विशेषतः मोठ्या जातींच्या पिल्लांत, याचा फटका हाडांना बसतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक तज्ज्ञांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत एखादा तरी आवश्यक घटक कमी भरला. घरचे जेवण द्यायचे असेल तर जरूर द्यावे, पण वजन आणि वय सांगून पशुवैद्याकडून त्याचे प्रमाण लिहून घ्यावे. डोळ्यांना पौष्टिक दिसणारे ताट नेहमी पुरे असतेच असे नाही.

फोडणीतला धोका

आपल्या जेवणातले नेमके काय कुत्र्याला बाधते? सुरुवात कांदा-लसणापासून करावी लागेल. या दोन्हींतील गंधकयुक्त घटकांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात लक्षणीय बदल दिसू लागतात. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हे झाले दोन मध्यम कांदे. शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा धोका जात नाही. थकवा, फिकट हिरड्या, गडद तांबूस लघवी ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात, तोवर कांदा खाल्ल्याचे कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. भाजीच्या रश्शात बुडवलेला पोळीचा एखादा तुकडा लगेच जिवावर बेतणार नाही, पण ती रोजची सवय नको. जंतांवर लसूण देण्याची प्रथाही सोडून द्यावी. तिने जंत जातात याला भरवशाचा पुरावा नाही. शिवाय पिल्लांच्या पोटातले गोल जंत घरातल्या लहान मुलांनाही बाधू शकतात, त्यामुळे त्यावर योग्य औषधच हवे.

द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. कारण अनेक वर्षे उमगत नव्हते. अलीकडे संशय द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आला आहे. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते आणि चिंच खाल्ल्यानंतर कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदी पशुवैद्यक नियतकालिकात आल्या आहेत. चिंच-गुळाची आमटी आणि बेदाणे घातलेला शिरा कुत्र्याच्या वाटीत जाऊ नये, एवढे तरी यातून घ्यावे. साखरेऐवजी झायलिटॉल वापरलेले च्युइंगगम किंवा मिठाई तर अगदी थोडीही धोक्याची असते. तिने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

दिवाळीच्या दिवसांत तळलेले पदार्थ आणि तूप यांचा मारा होतो. एकदम जास्त स्निग्ध खाल्ल्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तिचे दुखणे तीव्र असते आणि कधी ते जिवावरही बेतते. शिजवलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात. आंब्याची कोय आतड्यात अडकली, तर शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर उरत नाही.

कुंडीतले काय, किती

कुत्रा गवत खाऊ लागला की ‘पोट बिघडलेय, स्वतःच औषध घेतोय’ असे आपण म्हणतो. डेव्हिसच्याच संशोधकांनी दीड हजारांहून अधिक पालकांना याबद्दल विचारले. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ६८ टक्के जणांचे कुत्रे रोज किंवा आठवड्यातून कधीतरी गवत वा इतर वनस्पती खात होते. त्याआधी कुत्रा आजारी दिसतो, असे सांगणारे फक्त ८ टक्के होते आणि नंतर नेहमी उलटी होते, असे सांगणारे २२ टक्के. म्हणजे गवत खाणे हे बहुधा आजाराचे लक्षण नसून कुत्र्याची सवय आहे. पाहायचे ते एवढेच, की त्या हिरवळीवर कीटकनाशक फवारलेले नसावे.

कोथिंबीर आणि बेसिलची चार पाने चिरून जेवणात घातली तर कुत्र्याला अपाय होत नाही, थोडी चव वाढते. पुदिना मात्र एक-दोन पानांपुरताच. जास्त झाला तर त्यातल्या तेलांनीच उलटी-जुलाब होतात. कोणत्याही वनस्पतीचे अर्कतेल तर पोटात देऊच नये.

आल्याची गोष्ट जरा वेगळी आहे. कर्करोगावरील सिस्प्लॅटिन या औषधाने होणाऱ्या उलट्यांवर आल्याचा उपयोग होतो का, हे भारतीय संशोधकांनी कुत्र्यांवरच तपासले होते. १९९७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ॲसिटोन आणि अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्काने उलट्या कमी झाल्या, पाण्यात काढलेल्या अर्काने झाल्या नाहीत. घरी आपण करतो तो काढा पाण्यातलाच असतो. आल्याचा छोटासा कीस जेवणात घातल्याने नुकसान नाही, पण उलट्या थांबतील या भरवशावर रात्र काढू नये. हळदीचेही तसेच. चिमूटभर हळद चालते, पण तिच्यातले कर्क्युमिन आतड्यातून फार थोडे शोषले जाते.

आता दूर ठेवायच्या कुंड्या. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक जोरदार रेचक असतो. जुलाब थांबवायला दिलेली कोरफड जुलाब वाढवते. पानओवा आणि गवती चहा ही दोन्ही नावे अमेरिकेतील प्राणिमित्र संस्था ‘एएसपीसीए’च्या कुत्र्यांना बाधणाऱ्या वनस्पतींच्या यादीत आहेत. त्यांनी बहुधा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही, पण बिघडलेल्या पोटावरचा उपाय म्हणून त्या देणे उलटेच ठरते. खरा धोका शोभेच्या झाडांचा. कण्हेरीची पाने हृदयाचे ठोके बिघडवतात, सायकसच्या बिया यकृत निकामी करतात, तर डिफेनबेकियाचे पान चघळले की तोंड आणि जीभ सुजते. घरात पिल्लू आणण्याआधी बाल्कनीवरून एक नजर जरूर फिरवावी.

भोपळा आणि इसबगोल

कुत्र्याच्या पचनाला घरातल्या ज्या वस्तूंचा खरोखर आधार मिळतो, त्यांत पहिला लाल भोपळा. त्यातला विद्राव्य तंतू पाणी धरून ठेवतो. त्यामुळे पातळ शौच थोडे घट्ट होते आणि घट्ट झालेले मऊ. शिवाय मोठ्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू हा तंतू आंबवून जी आम्ले तयार करतात, त्यांवर तिथल्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. भोपळा वाफवून, कुस्करून द्यावा. मीठ, तेल, फोडणी काही नको. लहान कुत्र्याला एक छोटा चमचा, मोठ्याला दोन-तीन मोठे चमचे एका जेवणात पुरे होतात.

दुसरा इसबगोल. मोठ्या आतड्याच्या जुनाट जुलाबाने त्रस्त असलेल्या ३७ कुत्र्यांच्या नोंदींचा आढावा २००० साली एका पशुवैद्यक नियतकालिकात आला होता. सहज पचणारा आहार आणि इसबगोल यांच्या जोडीने त्यातल्या बहुतेकांना चांगला गुण आला. इसबगोल कोरडे कधीच देऊ नये. ते पाण्यात भिजवून जेवणात मिसळावे आणि प्यायला पाणी भरपूर ठेवावे. किती द्यायचे, हे पशुवैद्याला विचारून ठरवावे.

थांबायचे कधी, धावायचे कधी

शौच पाहणे कोणाला आवडत नाही, पण डॉक्टरांना सर्वात उपयोगी माहिती तिथेच मिळते. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा आणि शेंबडासारखे चिकट शौच असेल, तर बिघाड बहुधा मोठ्या आतड्यात असतो. एका वेळी खूप आणि पाण्यासारखे, सोबत वजनही उतरत असेल, तर तो लहान आतड्यात असण्याची शक्यता अधिक. डांबरासारखे काळे शौच म्हणजे पोटात वरच्या भागात कुठेतरी रक्तस्राव.

प्रौढ कुत्रा हुशार आहे, शेपूट हलवतोय, पाणी पितोय आणि एक-दोनदाच पातळ शौच झाले आहे, तर एखादा दिवस थांबायला हरकत नाही. मऊ भात आणि कातडी काढलेले उकडलेले चिकन किंवा अंडे, बिनमिठाचे, थोडे थोडे करून चार-पाच वेळा द्यावे. सुधारणा झाली की तीन-चार दिवसांत हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणावे. एरवीही नवे खाणे सुरू करताना सात दिवस जुन्यात मिसळत जाणे चांगले. आतड्यातल्या जिवाणूंनाही जुळवून घ्यायला वेळ लागतो.

पण पिल्लू असेल, शौचात किंवा उलटीत रक्त असेल, प्यायलेले पाणीही टिकत नसेल, कुत्रा मलूल पडला असेल, तर रात्रीचाही दवाखाना शोधावा. लस न घेतलेल्या पिल्लाला रक्ताचे जुलाब म्हणजे आधी पार्व्होची शंका घ्यायची. त्यात काही तासांचा उशीरही महागात पडतो. मोठ्या जातीच्या कुत्र्याचे पोट फुगले आहे, तो ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काही येत नाही, ही तर क्षणाचाही विलंब न करण्याची वेळ. आपल्या औषधांच्या डब्यातले पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन त्याला कदापि देऊ नये.

वाटीचे माप

कुत्र्याच्या आरोग्यासाठी सर्वात मोलाचे काय, याचे उत्तर एका दीर्घ अभ्यासाने दिले आहे. ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्यांचे मध्यमान आयुष्य १३ वर्षे, तर दुसऱ्यांचे ११.२ वर्षे निघाले. सांध्यांचे दुखणेही कमी खाणाऱ्यांत उशिरा सुरू झाले. जवळजवळ दोन वर्षांचे आयुष्य, तेही कोणत्याही औषधी पाल्याशिवाय.

म्हणून रोजची वाटी ठरवावी आणि ती मोजून भरावी. बिस्किटे आणि वरखाऊ मिळून दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत. कुत्र्याच्या छातीवरून हलका हात फिरवला तर बरगड्या हाताला लागाव्यात, पण नुसत्या डोळ्यांना उठून दिसू नयेत, ही सोपी खूण.

आणि पोट बिघडल्याची ती रात्र आलीच, तर लसूण ठेचण्याआधी एक कागद घ्यावा. आज त्याने काय खाल्ले, उलटी किती वेळा झाली, शौच कसे होते, शेवटचे जंताचे औषध आणि लस कधी झाली, एवढे लिहून ठेवावे. दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारणार असतात.